पाच लाखांचं कार्ड असताना सासऱ्यांची बीपीची गोळी का बंद पडली?

प्रश्न: मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या उपकेंद्रावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी लागली आहे. घरात सगळ्यांची पाच लाखांची कार्डं निघाली आहेत. तरी दिवाळीनंतर सासऱ्यांना लकवा मारला, तेव्हा सोलापूरला नेऊन परत आणेपर्यंत घरातून लाखावर रुपये गेले. (त्यांना बीपी होतं. उपकेंद्रात दोन महिने गोळी नव्हती म्हणून बंद होती.) मग सर्वांना आरोग्य संरक्षण म्हणतात ते नक्की काय आहे? आणि आमच्यासारख्यांनी गावात राहून त्यात काय करावं?

उत्तर: ताई, तुमच्या प्रश्नातलं मुख्य वाक्य तुम्ही कंसात घातलं आहे. लाख रुपये कुठे गेले ते मी सांगतोच, पण खरा खर्च त्या दोन महिन्यांत सुरू झाला होता आणि तेव्हा तो कुणाच्या हिशेबात नव्हता.

माझी ओळख थोडक्यात. १९९१ साली अक्कलकोट भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो. पुढे जिल्ह्यातली आणखी तीन केंद्रं आणि तालुक्याचं काम केलं. निवृत्तीनंतर सोलापुरात पूर्व भागातल्या एका धर्मादाय दवाखान्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी बसतो. म्हणजे मी सरकारी व्यवस्थेच्या आतला माणूस आहे. तिच्यावर रागावतो, तो घरच्या माणसावर रागवावं तसा.

आधी कार्डाबद्दल. त्याला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. २ जुलै २०१२ रोजी राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं सोलापूर पहिल्याच फेरीत होतं. त्याआधी हृदयाची शस्त्रक्रिया म्हटली की यंत्रमागावरचा कामगार सरळ घर गहाण टाकायचा किंवा मरणाची वाट पाहायचा. पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर बायपास होऊन माणूस चालत घरी आलेला मी पाहिला आहे. पुढे योजनेला महात्मा फुल्यांचं नाव लागलं, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, दोन्ही एकत्र झाल्या आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांसकट सगळे त्यात आले. हे सगळं चांगलंच झालं.

पण कार्ड चालायला तीन अटी लागतात. रुग्णालय योजनेतलं हवं, उपचार योजनेच्या यादीतला हवा आणि माणूस भरती झालेला हवा. तुमच्या सासऱ्यांचा प्रवास या अटींशी ताडून पाहा. गावातून खासगी गाडी केली, त्याचे पैसे गेले. रस्त्यात जो पहिला दवाखाना लागला तो बहुधा योजनेत नसेल, तिथे सलाईन लावलं, डोक्याचा सीटी स्कॅन करून आणा म्हणाले, तिथे पैसे गेले. मग सोलापुरातलं रुग्णालय. तिथे आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचे कागद पाहणाऱ्या मदतनिसाच्या, टेबलावर कागद पूर्ण होईपर्यंत बाहेरून आणलेली औषधं. सुट्टी मिळाल्यावर घरी मालिशवाला, फिजिओथेरपी, डायपर, महिन्याच्या गोळ्या. शिवाय सोबत राहिलेल्या दोन माणसांची बुडालेली मजुरी. यातलं कार्डाच्या चौकटीत किती बसतं? मधला एक तुकडा. भरतीच्या आधीचं बरंचसं आणि नंतरचं जवळजवळ सगळं बाहेरच राहतं.

देशाचं चित्रही असंच आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के भाग लोकांच्या खिशातून जात होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. उतरण चांगली आहे, पण शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून कनवटीचेच आहेत. आणि खिशातून जाणाऱ्या या पैशाचा मोठा हिस्सा ऑपरेशनवर जात नाही. तो औषधांवर आणि भरती न होता घेतलेल्या उपचारांवर जातो, म्हणजे नेमका तिथे, जिथे कार्ड पोचत नाही.

आता गोळीकडे येऊ. बीपी हा फार लबाड आजार आहे, दुखत नाही. गुडघा दुखला की माणूस पंढरपूरपर्यंत जाऊन सुई घेतो, पण १८० बीपी असलेला म्हातारा कडक भाकरीवर शेंगाचटणी घेऊन मजेत जेवतो (त्या चटणीतल्या मिठावर वेगळं लिहावं लागेल, पण मी सोलापूरकर आहे, माझं मन धजत नाही). वरचं बीपी दहा अंकांनी उतरवलं तर लकव्याचा धोका साधारण पाव भागाने कमी होतो. त्यासाठी लागणारी गोळी साधी आहे, जुनी आहे, तिच्यावर कुणाचं पेटंट नाही, आणि सरकारी खरेदीत ती शेंगदाण्याच्या भावाने मिळते. एकच अट, ती रोज घ्यावी लागते. वर्षातून तीनशे पासष्ट वेळा.

मग एवढी स्वस्त गोळी उपकेंद्रात का नव्हती? लोकांना वाटतं कुणीतरी खाल्ली. कधी तसंही होत असेल, पण मी जे वर्षानुवर्षं पाहिलं ते त्याहून साधं आणि त्याहून अवघड आहे. केंद्राची मागणी, म्हणजे इंडेंट, बहुतेक वेळा गेल्या वर्षीच्या खपावरून भरली जाते. गेल्या वर्षी चार महिने गोळी नव्हती, म्हणून खप कमी दिसला. खप कमी दिसला म्हणून यंदा मागणी कमी गेली, म्हणून यंदाही मध्येच संपली. स्टॉक रजिस्टर अगदी चोख असतं. त्यात कुठेही लबाडी नसते आणि तरीही दर वर्षी गोळी संपते.

तुमच्या उपकेंद्राचा हिशेब मांडून पाहू. नियमाप्रमाणे सपाट भागात एक उपकेंद्र पाच हजार लोकांना. त्यातले तिशीच्या पुढचे ढोबळमानाने निम्मे धरा, अडीच हजार. त्यांच्यात चारात एकाला बीपी धरलं तर सहाशेच्या आसपास माणसं. रोज एक गोळी धरली तरी महिन्याला अठरा हजार गोळ्या, आणि काहींना दोन-दोन लागतात. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली अशी सहा उपकेंद्रं असली तर महिन्याला लाखाच्या वर. मी नोकरीत असताना महिन्याला वीस हजार गोळ्या मागितल्या तरी भांडारातून फोन यायचा, ‘साहेब, एवढ्या कशाला? खाता का काय?’ त्यांचंही खरंच होतं. त्यांच्यासमोर मागच्या वर्षीचा आकडा होता, माझ्यासमोर माणसं होती.

आता याच उपकेंद्रातली दुसरी वही उघडा, लसीकरणाची. तिथे गरोदर बाईचं नाव आहे, बाळ कधी जन्मलं, कोणती लस कधी दिली, पुढची कधी, सगळं आहे. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब कुठल्या कारखान्यावर आहे हेसुद्धा चांगल्या सिस्टरला तोंडपाठ असतं. माझ्या पहिल्या केंद्रात एक सिस्टर होत्या. सत्र संपल्यावर त्या लस घेतलेल्या पोरांची संख्या सांगायच्याच नाहीत. ‘सर, तिघं राहिली,’ म्हणायच्या आणि आईस बॉक्स खांद्याला अडकवून त्या तिघांच्या वस्तीवर चालत जायच्या. डॉक्टरकीच्या पुस्तकांत मला जे सापडलं नव्हतं ते मी त्यांच्याकडून शिकलो. त्यांचं लक्ष न आलेल्यांवर असायचं. बीपी-शुगरमध्ये आपण उलट करतो. ओपीडीत किती आले ते मोजतो, कळवतो, आणि न आलेला माणूस कुठल्याच कागदावर नसतो. तुमचे सासरे दोन महिने आले नाहीत, त्या दोन महिन्यांत ‘एक राहिला’ असं कुणी म्हटलं नाही.

माझ्या मते सगळ्या सुधारणांचा गाभा एवढाच आहे. प्रत्येक केंद्राकडे त्याच्या गावातल्या माणसांची नावानिशी यादी हवी, त्या यादीतल्या प्रत्येकासाठी ते केंद्र जबाबदार हवं, आणि औषधाची मागणी खपावरून न काढता त्या यादीवरून काढायला हवी. इमारत, पाटी, ॲप हे सगळं त्यानंतर.

हा विचार काही नवा नाही. १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने अहवाल दिला, त्यात पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहता कामा नये हे सुरुवातीलाच धरलं होतं. सध्याची प्राथमिक आरोग्य केंद्रं त्याच अहवालाची अपत्यं, फक्त समितीने मागितलं तेवढं खाणंपिणं त्यांना कधी मिळालं नाही. १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता शहरात आरोग्य परिषद झाली, तिथे जगभरच्या देशांनी ‘२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ म्हणून सह्या केल्या. त्या परिषदेआधी जगात ज्या मोजक्या कामांची उदाहरणं दिली जात होती त्यात करमाळ्याच्या शेजारचं जामखेड होतं. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावांनी निवडलेल्या, बहुतेक न शिकलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. आपल्या आशाताई २००५ नंतर आल्या, जामखेडच्या कार्यकर्त्या त्यांच्या थोरल्या बहिणीच. पण अल्मा-आतानंतर वर्षभरातच ‘सगळं एकदम परवडणार नाही, निवडक तेवढं करू’ असा सूर निघाला, आणि आपल्याकडे निवडक म्हणजे लसीकरण, बाळंतपण आणि कुटुंब नियोजनाची शिबिरं असं झालं. ज्याची यादी झाली ते सुधारलं. बीपी, शुगर, दमा, मानसिक आजार, म्हातारपण यांची यादी झालीच नाही.

यादी घेऊन दारोदार गेलं की काय होतं याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे, तो सोलापूरकरांना फार माहीत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तिथे १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांसाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली देशातली ही पहिलीच. शहरातल्या नोंदणीत कर्मचारी दवाखान्यात बसून कागद गोळा करतात. इथे तसं करून चालणार नव्हतं, कारण खेड्यातली बाई दवाखान्यापर्यंत पोचायच्या आधीच मरायची. म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरू लागली. पांढरं जाणं, अंगावरून रक्त जाणं यावर बोलू लागली, संशय आला तर तपासणीला घेऊन येऊ लागली. त्यातून बायका लवकरच्या टप्प्यात येण्याचं प्रमाण वाढलं. नोंद करणारा कारकून नकळत आरोग्य कार्यकर्ता झाला.

त्या पायावर पुढे टाटा रुग्णालयाबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, ५२ गावसमूह. काही गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी, एका गटात नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये निकाल आला. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा केलेल्या गटात त्या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्यावर आले. जगभरच्या डॉक्टरांनी तो निकाल वाचला. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही यावरून पुढे टीका झाली आणि मला ती रास्त वाटते. आपल्या मुलखातल्या बायकांच्या जिवावर जगाला शहाणपण आलं, आणि त्याच मुलखातल्या किती उपकेंद्रांत आज ही तपासणी नियमित होते, हे तुम्ही तुमच्या सिस्टरना विचारून पाहा. पण कामाची रीत मात्र शिकण्यासारखी आहे. घरांची यादी, बायकांची नावं, कोण आलं, कोण राहिलं, राहिलेल्यांकडे पुन्हा जाणं.

मीही एकदा करून पाहिलं. २००३-०४ च्या सुमारास, एका केंद्रात. शाळेतल्या शंभरपानी वहीत एका गावातली चाळिशीच्या पुढची माणसं लिहून काढली. शेजारी सीमेपलीकडे कर्नाटक, लोक कानडी बोलणारे. मी मोडकं कानडी बोलायचो, ते हसायचे, पण बीपी मोजून घ्यायचे. सहा महिने छान चाललं. मग गोळी संपली. महिनाभर मी स्वतःच्या पैशाने आणली, पुढच्या महिन्यात जमेना. एक आजोबा येऊन म्हणाले, ‘गुळगी मुगदावरी.’ गोळ्या संपल्यात हो. चिडून म्हणाले नाहीत, मला समजावल्यासारखं म्हणाले. त्यानंतर त्या गावात माझ्या वहीची किंमत गेली. नुसती यादी केली आणि गोळी दिली नाही तर लोक पुन्हा यादीत नाव देत नाहीत, हे मी तिथे शिकलो. म्हणून आज कुणी नवीन सर्वेक्षण सुरू केलं की माझा पहिला प्रश्न असतो, सापडलेल्यांना द्यायला कपाटात काय आहे?

आता शहराचं एक वाक्य ऐका, त्याच अर्थाचं. पूर्व भागात माझ्यासमोर विड्या वळणाऱ्या बायका येतात, घरात तेलुगू. पहिलं वाक्य असतं, ‘गोलीलु अयिपोयिनय्.’ गोळ्या संपल्या. का संपल्या? महापालिकेचा दवाखाना सकाळचा, आणि सकाळीच पानं भिजवून कापायची असतात. हजाराचा आकडा भरला नाही तर त्या दिवसाची मजुरी तुटते. विडी कामगारांसाठी पूर्वी वेगळा उपकर होता, त्यातून त्यांचे दवाखाने चालायचे. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये तो उपकर गेला. संध्याकाळी उघडा असलेला दवाखाना ही या बायकांसाठी सोय नाही, तीच त्यांची आरोग्यसेवा आहे. २०२३ पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ची दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ मला त्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. गावातही हेच. नऊ ते एक ओपीडी म्हणजे शेतमजूर बाईला सांगणं की आजचा रोज बुडव आणि मग ये.

दुसरीकडे काय केलं? थायलंडने २००१ मध्ये सगळ्यांना उपचार देणारी ‘तीस बाट’ योजना आणली (बाट म्हणजे तिथलं चलन), तिचं नाव आपल्याकडे भाषणांत येतं. पण त्याच्या आधीची वीस वर्षं कुणी सांगत नाही. डॉक्टरांना ग्रामीण सेवा तिथे १९७० च्या दशकापासूनच सक्तीची होती, आणि १९८० च्या दशकात त्यांनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयांचा पैसा रोखून तालुक्याच्या रुग्णालयांत घातला. म्हणून योजना आली तेव्हा माणसाचं नाव नोंदवायला त्याच्या गावाजवळ केंद्र तयार होतं. पैसे नोंदलेल्या माणशी मिळत, त्यामुळे माणूस निरोगी राहिला तर केंद्राचा फायदा. आपल्या कार्डात उलट आहे, माणूस भरती झाल्याशिवाय कुणालाच पैसे मिळत नाहीत. औषधांच्या बाबतीत तमिळनाडू. तिथे १९९४ मध्ये औषध महामंडळ झालं, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, प्रत्येक केंद्राला पासबुक आणि लागेल तसं उचलायची मुभा. २०२१ पासून तर बीपी-शुगरच्या गोळ्या घरपोच देतात. महाराष्ट्राने खरेदी प्राधिकरणाचा कायदा २०२३ मध्ये केला, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. पण केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसे वाचले. कपाट रिकामं असेल तर मोफत काय द्यायचं, हा प्रश्न राहिला.

पैशाचं एकाच वाक्यात सांगतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं की २०२५ पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करू आणि त्यातला दोन तृतीयांश तरी प्राथमिक सेवेवर घालू. २०२१-२२ चा आकडा १.८४ टक्के होता.

तुमच्या उपकेंद्रातल्या सीएचओंशी, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी, भांडायला जाऊ नका. माझ्या काळात उपकेंद्रात एकटी सिस्टर असायची. आता शिकलेला, बहुतेक ठिकाणी बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेला, माणूस तिथे बसतो, हा गेल्या तीस वर्षांतला सर्वांत मोठा बदल आहे. पण तो कंत्राटी आहे, त्याच्या मानधनाचा एक भाग कामगिरीच्या आकड्यांवर ठरतो आणि दिवसाचे काही तास वेगवेगळ्या पोर्टलवर माहिती भरण्यात जातात. एका तरुण सीएचओने मला सांगितलं, ‘सर, पेशंट समोर असतो आणि मी त्याच्याकडे न बघता ओटीपी विचारत असतो.’ आशाताईंचं तर विचारूच नका. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा सन्मान केला आणि त्यानंतरही आपल्या आशाताईंना मानधनासाठी मुंबईला मैदानात जाऊन बसावं लागलं.

व्यवस्थेला जमत नाही असं मात्र मी मानत नाही. आषाढीला धर्मपुरीपासून पंढरपूरपर्यंत पाहा. पालखी जिल्ह्यात शिरण्याआधी विहिरी, टँकर, हॉटेलांचं पाणी तपासलं जातं, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर पडते, दर मुक्कामाला दवाखाना उभा राहतो, औषधाचा साठा वारकऱ्यांच्या अंदाजावर ठरतो. गेल्या वर्षीच्या खपावर तो अडकून राहत नाही. लाखो लोक येतात आणि साथ पसरत नाही. त्यात कुठल्या म्हाताऱ्याला कार्ड विचारल्याचं मी पाहिलेलं नाही. पंधरा दिवस आपण हे दर वर्षी करतो. वारी संपली की तेच कर्मचारी, तेच केंद्र पुन्हा गेल्या वर्षीच्या आकड्यांकडे वळतात.

तर तुम्ही काय करायचं. तुमच्या उपकेंद्राला जन आरोग्य समिती आहे. सरपंच तिचे अध्यक्ष, सीएचओ सचिव. बहुतेक गावांत ती सह्यांपुरती असते. पुढची बैठक लावायला सांगा आणि तिथे इमारतीच्या रंगावर, कंपाउंडवर बोलणं सुरू झालं की थांबवा. विचारा, तिशीच्या पुढची गावात किती माणसं, त्यातल्या किती जणांचं बीपी-शुगर मोजलं, किती जणांना निघालं आणि त्यातले या महिन्यात किती जण गोळी घेऊन गेले. पहिले तीन आकडे मिळतील, आशाताईंनी घरोघरी फॉर्म भरलेले असतात. चौथा मिळणार नाही. तो मिळेपर्यंत पाठ सोडू नका. न आलेल्यांची नावं आशाताईंना द्या आणि तुमच्या वॉर्डातल्या घरांना तुम्ही स्वतः जा.

मग गोळीचं. उपकेंद्रात पुढच्या दोन महिन्यांचा साठा आहे का, हे दर महिन्याच्या पाच तारखेला पाहा. संपत आला की तोंडी सांगू नका. मागणी यादीच्या आकड्यावरून काढून ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर लिहा आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आवक क्रमांक घेऊन द्या. माझ्या अनुभवात तोंडी दहा विनंत्या जिथे विरतात तिथे आवक क्रमांकाचा एक कागद हलतो. तोवर उपकेंद्राच्या अनटाइड, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, निधीतून समितीच्या ठरावाने तातडीची औषधं घेता येतात का, ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. बीपीचं मशीन चालतं का, त्याचे सेल कोण आणतं, हेही बघा. हसू नका, सेल नाहीत म्हणून तीन महिने बंद पडलेलं मशीन मी पाहिलं आहे. आणि आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी सहा ते आठ ओपीडी ठेवता येईल का, ते सीएचओंशी गोडीने बोला. त्यांना राहायला नीट खोली आहे का, हे आधी विचारलंत तर उत्तर लवकर मिळेल.

लकव्याचं एक गावभर सांगा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली की क्षणभरही वेळ घालवायचा नाही. मालिशवाला नको, उतारा नको, १०८ ला फोन. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांत द्यावं लागतं आणि मंगळवेढ्याहून सोलापूर तासाभराच्या वर आहे. वाट पाहण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. कुठल्या रुग्णालयात स्कॅन आहे आणि ते योजनेत आहे का, ते आजच विचारून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा.

सासऱ्यांच्या गोळ्या आता कुठल्याही कारणाने एक दिवसही सुटता कामा नयेत. ज्यांना एकदा लकवा येऊन गेला त्यांना दुसऱ्यांदा येण्याचा धोका जास्त असतो. सरकारी साठा आला तर तिथून, नाही तर जन औषधीतून, पण महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी पुढच्या महिन्याची पट्टी घरात हवी. आणि तुम्ही सगळ्यांबद्दल लिहिलंत, पण सासूबाईंचं बीपी शेवटचं कधी मोजलं ते लिहिलं नाहीत. तुमचंही नाही. उद्या दोघी मिळून उपकेंद्रात जा. तिथल्या बीपीच्या यादीत पहिली दोन नावं तुमची असू देत.